गोदाआजीचा बॅड सेक्टर

माझ्या माहेरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, यात माहेरच्यांचा काही दोष नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझा नवरा अद्वय जावई म्हणून जेवायला गेला आणि पान वाढून होईपर्यंत त्याने बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शोधून काढला. आम्हा आगरी लोकांच्या घरात पहिल्या दिवाळीला जावयाने काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत. बाबांनी मनाची तयारी केली होती, मोटारसायकल मागेल, फार तर अंगठी मागेल. अद्वयने विंडोज काढून टाकायची परवानगी मागितली. बाबा इतके खूश झाले की त्यांनी ती लगेच दिली. आईने मात्र मला आत बोलावून विचारलं, "पोराशी घरी बोलतात ना गं धड?"

आमचं गाव शीळफाट्याच्या अलीकडे, टॉवरांच्या मागे लपलेलं आहे. बाबांचं नाव आनंदा. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्यापासून लोक त्यांना आनंदाशेठ म्हणतात. आणि आमच्या घरात कुठल्याही दुखण्यावर एकच औषध असतं, नवीन आणायचं. मिक्सर आवाज करतो, नवीन आणा. सोफ्याला डाग पडला, नवीन आणा. त्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीच्या, निशिगंधाच्या लग्नाला तीन आठवडे उरलेले असताना कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा बाबा गाडीची किल्ली घेऊन निघालेसुद्धा. माझ्या भावाने, प्रितमने, त्यांना अंगणातून परत आणलं, कारण त्या कॉम्प्युटरमध्ये गोदाआजीचा धवला होता.

धवला म्हणजे आमच्याकडचं लग्न. भटजी येतात, मंगलाष्टकं होतात, ते सगळं आहेच. पण हळद दळण्यापासून पोरगी सासरी पाठवण्यापर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं आणि ते म्हटल्याशिवाय जुन्या बायका लग्न झालं असं मानत नाहीत. ते म्हणणारी ती धवलारीण. आजूबाजूच्या पाच गावांची धवलारीण म्हणजे माझी आजी. ती कधी कुणाला रेकॉर्डिंग करू द्यायची नाही. "धवला मांडवान म्हनायचा, डब्यान भरून ठेवायचा नाय," असं तिचं म्हणणं. फक्त माझ्या लग्नात, मी पहिली नात म्हणून, तिने प्रितमला पदराला माईक लावू दिला. प्रितमचा साउंडचा धंदा आहे, हळदीला डीजे लावतो, त्यामुळे माईक चांगला होता. पुढच्या वर्षी आजी आजारी पडली. बरी झाली, पण दम गेला. दोन ओळी म्हटल्या की खोकला येतो आणि डॉक्टरांनी गायला बंदी केलेली आहे.

निशिगंधाच्या लग्नात धवला कोण म्हणणार, हा प्रश्न आजीनेच सोडवला होता. प्रितमची बायको समृद्धी म्हणेल. समृद्धी कल्याणची, तिचा आवाज गोड, पण तिने धवला कधी ऐकलेला नाही. ती रोज दुपारी त्या कॉम्प्युटरपुढे बसून एकेक गाणं पाठ करत होती. तीन गाणी झाली आणि चौथ्याला कॉम्प्युटर अडकला. माऊस हलेना, आतून टकटक असा आवाज यायला लागला.

"ताई, जिजूंना घेऊन ये," प्रितमचा मला फोन आला. "आणि आजीला कळता कामा नये. ती बोललेली डब्यात ठेवू नका. आता डब्यानेच खाल्ला, असं कोण सांगणार तिला?"

माझ्या नवऱ्याला असा फोन म्हणजे मांडवाचं आमंत्रण. तो ठाण्यात एका कंपनीत असतो, सर्व्हर सांभाळतो, आणि तिथे सगळं सुरळीत चालतं याचं त्याला मनातून वाईट वाटतं. त्याने पेन ड्राइव्ह, केबली, पेचकस असं सगळं पिशवीत भरलं. शुक्रवारी ऑफिसातून येताना खोपटला एसटी डेपोजवळच्या दुकानातून एक नवी हार्ड डिस्क घेतली. शनिवारी सकाळी आम्ही पोचलो तर आजी ओटीवर बसलेली.

"आज कं काम हाय जावयाचं?" तिने विचारलं.

"कॉम्प्युटर जरा अपडेट करायचाय, आजी," अद्वय म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. आजीने कानांकडे पाहिलं आणि मिश्रीचं बोट परत दातांवर फिरवायला लागली.

कॉम्प्युटर मागच्या खोलीत होता. तिथेच प्रितमचं डीजेचं सामान, वायरींची वेटोळी, लाइटचे स्टँड. अद्वयने पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आमच्या लग्नाच्या फोटोंत मी ते शोधलेलं आहे, तिथे नाही.

"हे बघ, डीमेसेज," तो म्हणाला. "मशीन स्वतःच सांगतंय. आय-ओ एरर, आय-ओ एरर. डिस्कच्या काही जागा वाचता येत नाहीयेत. बॅड सेक्टर."

मग त्याने डिस्कचं आरोग्यपत्रक काढलं. त्याला म्हणे स्मार्ट म्हणतात, आणि त्यात डिस्क स्वतःची सगळी दुखणी लिहून ठेवते. बाबा मागे येऊन उभे राहिले होते. अद्वयने त्यांना समजावलं की रीअलोकेटेड म्हणजे ज्या जागा खराब झाल्या म्हणून डिस्कने दुसरीकडे बदलून दिल्या, आणि पेंडिंग म्हणजे ज्या वाचता येत नाहीत पण ज्यांचा निर्णय अजून व्हायचाय.

"म्हणजे तलाठ्याकडे फेरफार पेंडिंग," बाबा म्हणाले.

"अगदी तसंच, बाबा."

"मग अवघड हाय," बाबा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. हार्ड डिस्क इतकी पटकन समजलेला सासरा अद्वयला दुसरा मिळणार नाही.

समृद्धीने विचारलं की डिस्क दुरुस्त करायची एखादी कमांड नसते का. असते, अद्वय म्हणाला, पण आत्ता ती चालवायची नाही. आजारी डिस्कला आधी कामाला लावायचं नाही, आधी तिच्याकडून जेवढं निघेल तेवढं नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, सोप्या जागा आधी आणि अवघड जागा शेवटी. त्याचा डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम हेच करतो आणि कुठली जागा वाचली, कुठली राहिली याचा नकाशाही ठेवतो. हे सगळं त्याने समृद्धीला, मग प्रितमला, मग चहा घेऊन आलेल्या आईला सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि जावयाने उपाशीपोटी इतकं बोलू नये म्हणून कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी आणल्या.

दुपारपर्यंत नकाशा छान भरत गेला. चार वाजून गेले आणि एकदम सगळं बिघडलं. चुकांचा आकडा वाढायला लागला, वाचायचा वेग मरून गेला. अद्वय म्हणाला, व्होल्टेज. त्याने दुसऱ्या खोलीतून वायर ओढली. आकडा वाढतच होता. मग म्हणाला, उष्णता. आईने टेबलफॅन आणून दिला. मग म्हणाला, केबल. केबल बदलली. इतक्यात आकडा आपोआप थांबला आणि अर्ध्या तासाने पुन्हा धावायला लागला. अद्वय पडद्याकडे असा बघत होता की मला त्याची दया यायला लागली, आणि दया आली की मी मोबाईल चार्जिंगला लावते. सॉकेट खाली होतं, म्हणून मी कॉम्प्युटरखालच्या टेबलावरचा भरतकामाचा कपडा उचलला.

ते टेबल नव्हतं. तो प्रितमचा बेस होता, हळदीला छातीत धडधडतो तो मोठा काळा डबा. आणि तो चालू होता. लग्नाआधी आवाज तपासायला प्रितम रोज संध्याकाळी अंगणात बसून अधूनमधून त्यात दणका सोडत होता. अंगणातले बाकीचे डबेही सोबत वाजत, म्हणून आम्हाला वाटत होतं की धडधड बाहेरूनच येतेय.

"किती दिवस आहे हा कॉम्प्युटर याच्यावर?" अद्वयने प्रितमला आत बोलावून विचारलं. त्याचा आवाज एकदम हळू झाला होता.

"दोन वर्षं झाली असतील," प्रितम म्हणाला. "जुनं टेबल हलायचं ना, जिजू. हा एकदम मजबूत आहे."

माझा नवरा खाली फरशीवर बसला. हार्ड डिस्कच्या आत चकतीवरून एक सुई केसाहूनही कमी अंतर ठेवून फिरत असते, आणि माझ्या भावाने तिला दोन वर्षं हळदीत नाचवलं होतं. मी हसत बसले आणि मग प्रितमही हसायला लागला, तेव्हा अद्वयने आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही दोघं बहीणभाऊ लहानपणी शाळेबाहेर उभे राहायचो तसे बाहेर जाऊन उभे राहिलो.

त्यानंतर बेस बंद झाला. डिस्क काढून आईच्या जाड गोधडीवर ठेवली, वर पंखा लावला. त्या खोलीत कुणी मोठ्याने बोलायचं नाही असं आईने जाहीर केलं. बाळंतिणीच्या खोलीला लावते तो नियम तिने डिस्कला लावला. ओटीवरून आजी विचारायची, "झाला क अपडेट?" आणि घरातला प्रत्येक माणूस वेगळंच उत्तर द्यायचा. आठवडाभर अद्वय ऑफिसातून परस्पर शीळफाट्याला यायचा, नकाशा बघायचा, जेवायचा आणि डोंबिवलीला आमच्या घरी परतायचा. त्याचं वजन वाढलं.

पुढच्या रविवारी धवला नव्या डिस्कवर आला. हळदीच्या गाण्यात मधेमधे टिकटिक होती, तेलाच्या गाण्याची एक ओळ तुटकी होती, पण शब्द लागत होते. समृद्धी हेडफोन लावून ऐकायला बसली आणि तिचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं. नंतर तिने शेवटचं गाणं लावलं, पोरीला सासरी पाठवतानाचं, आणि मधेच हेडफोन काढले.

"भाऊजी, इथे काहीच नाहीये."

आम्ही स्पीकरवर लावलं. आजी छान म्हणत होती. एक ओळ सुरू झाली, अर्ध्यावर आली आणि आवाज नाहीसा झाला. खरखर नाही, टिकटिक नाही, अगदी काही नाही. बराच वेळ तसंच. मग गाणं पुन्हा सुरू झालं, जरा खालच्या पट्टीत, आणि दोन ओळींत संपलं.

अद्वयने आतले आकडे उघडले. तेवढ्या भागात शून्यं होती, ओळीने शून्यं. "न वाचलेल्या जागेत शून्यंच भरली जातात," तो म्हणाला. "बॅड सेक्टर. पण एकत्र इतके?" मग त्याने नकाशा पाहिला. नकाशाप्रमाणे ती जागा पूर्ण वाचली गेली होती.

दुसऱ्या कुणी नकाशावर विश्वास ठेवला असता. माझ्या नवऱ्याने ठरवलं की डिस्क खोटं बोलतेय. वाचता येत नाही हे कबूल करायचं टाळून तिने गुपचूप शून्यं दिली आहेत. पट्टी खाली का गेली, यालाही त्याच्याकडे स्पष्टीकरण होतं, ते मला समजलं नाही आणि मला शंका आहे की त्यालाही समजलं नव्हतं. त्याने डिस्क परत गोधडीवर ठेवली, पुढून वाचली, मागून वाचली, थंड करून वाचली. प्रत्येक वेळी तीच शून्यं. बुधवारी डिस्कने दोनदा टकटक केलं आणि ती कायमची थांबली.

बाबा म्हणाले, नवीन आणू. मग त्यांच्याच लक्षात आलं की या वेळी नवीन कुठे मिळत नाही, आणि ते बाहेर जाऊन गाडी पुसत बसले.

समृद्धीचा चेहरा पडला होता. बाकी सगळा धवला तिला येत होता. पण पाठवणीचंच गाणं अर्धं, तेही भरमांडवात, आजी समोर बसलेली असताना. "तिथले शब्द मी मनाने घातले तर आजी मला मांडवातून उठवतील," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. आजीने एका लग्नात एका शिक्षिकेला उठवलेलं आहे.

आजीला सांगायलाच हवं होतं. प्रितमला हिंमत नव्हती, अद्वयचे कान आधीच लाल झाले होते. मी तिची नात, शिवाय घरातली बोलभांड, म्हणून मला पाठवलं. मी ती गाणी अद्वयच्या लॅपटॉपवर घेऊन ओटीवर गेले. मागून अद्वय, प्रितम आणि समृद्धी दाराशी येऊन थांबले. दुपारची वेळ होती, आजी पाय पसरून बसली होती.

"आजी, कॉम्प्युटर बिघडलेला," मी म्हटलं. "आम्ही खोटं बोलत होतो."

"ता मना ठावं हाय," आजी म्हणाली. "जावयाचे कानच बोलतान."

मी तिला सगळं सांगितलं. बेसचं सांगितलं, तेव्हा तिने प्रितमकडे पाहिलं आणि प्रितम दाराआड झाला. मग मी म्हटलं की सगळी गाणी मिळाली, पण शेवटच्यातली थोडी जागा गेली, आणि ती काही केल्या मिळत नाही, अद्वयने फार प्रयत्न केला. मला वाटत होतं ती म्हणेल, सांगितलेलं ना मी. ती म्हणाली, "लाव."

मी लावलं. आजी स्वतःचा जुना आवाज मान हलवत ऐकत होती. ती ओळ आली, अर्ध्यावर थांबली. ओटीवर शांत झालं. मला तिच्याकडे पाहवत नव्हतं म्हणून मी पडद्याकडे बघत राहिले. गाणं परत सुरू झालं आणि संपलं.

"कं गेलंय याच्यानशी?" आजीने विचारलं.

"ही मधली जागा, आजी. इथे आवाजच नाही. डिस्कवर ती जागा खराब झाली."

"नाय गो बाय. डबा बिघरला नाय. तिथं मीच थांबलेली."

दारातून अद्वय पुढे आला. "पण आजी, तिथे पूर्ण शून्य आहे. तुम्ही नुसत्या थांबला असता तर श्वास तरी ऐकू आला असता."

प्रितमचा आवाज आला, दाराआडूनच. "जिजू, गेट." तो बाहेर आला. "माईकवर मी गेट लावतो. डीजे चालू असतो ना, त्याचा आवाज माईकमध्ये शिरू नये म्हणून. आवाज एका पातळीच्या खाली गेला की गेट बंद. एकदम शून्य. मोठ्याने म्हटलं तरच उघडतं." त्याने आजीकडे पाहिलं. "हळू रडलं तर नाही उघडत."

नकाशा खरा होता.

मी तेव्हा सासरी निघायला गाडीत बसले होते. बेंजो वाजत होता, आई माझ्या खिडकीला धरून होती, मला मांडवातलं काहीही ऐकू आलं नव्हतं. प्रितम वायरी गुंडाळत होता. समृद्धी तेव्हा घरात यायची होती. आजी मांडवात खांबाला टेकून एकटी म्हणत होती, आणि ती अडली हे कुणाला कळलं नाही.

"पाच गावच्या पोरी सासरी धाडल्या मी," आजी म्हणाली. "कवा अडली नाय. तिथं पोरीचं नाव घेयाचं आस्तंय. नाव घेयाचं आनि बोलायचं, जा, मागं बगू नको. तुजं नाव तोंडातशी निंगंना. मंग ता सोरून दिला नि पुरचा बोलली."

लग्न झालं त्या दिवशी मी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडले होते. फक्त आजीच्या नाही, कारण आजी काम करत होती, तिला कशाला मधेच अडवा असं वाटलं होतं. मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने माझ्या केसांत हात घातला आणि तेल लावत नाहीस म्हणून दोन शब्द सुनावले.

मग तिने समृद्धीला जवळ बोलावलं. म्हणायला दम नाही, नुसते शब्द सांगते, नीट ध्यानात ठेव, असं तिला बजावलं. समृद्धी तिच्यासमोर मांडी घालून बसली. आजी एकेक शब्द सावकाश सांगायला लागली, मधे थांबून श्वास घ्यायची. ती ओळ आली. आजीने डोळे मिटले आणि त्या जागी माझं नाव घेतलं, वैशाली, आणि म्हणाली, जा, मागं बगू नको.

समृद्धीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली होती. अद्वय येऊन माझ्या मागे बसला होता, एवढं मला कळत होतं.

आजीने डोळे पुसले आणि समृद्धीच्या गुडघ्यावर हात मारला. "ही जाली हिची पाठवनी," ती म्हणाली. "तू मांडवान निशीचं नाव घे."